मोठीने न म्हटलेलं वाक्य

४ फेब्रुवारी

तालमीत मोठी पडली. तिसऱ्या अंकातलं ते लांबलचक भाषण चालू होतं, निवृत्त न्यायाधीश बाई स्वतःच्याच मुलांना निकाल ऐकवते ते. मधेच तिची जीभ अडखळली. आम्हाला वाटलं, वाक्य विसरली. मी विंगेतून पुढचा शब्द पुरवला. तिने माझ्याकडे बघितलं, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं आणि खुर्चीसकट आडवी झाली.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे म्हणतात. आयसीयूत आहे. तिची मुलगी बाहेरच्या बाकावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. "मावशी, ती उठेल ना?" मी म्हटलं, "ती उठणार नाही तर कोण उठणार?" आवाज चांगला लागला होता माझा.

लेखिकेची डायरी कधी ना कधी कुणीतरी वाचतंच, म्हणून सांगून ठेवते. मोठी माझी सख्खी बहीण नाही. आमच्या पहिल्या नाटकात ती मोठी बहीण होती आणि मी धाकटी. ते नाटक बंद पडून जमाना झाला, तरी आमच्या धंद्यात सगळे आम्हाला मोठी आणि धाकटीच म्हणतात. भूमिकाही तशाच मिळतात. या नव्या नाटकात ती न्यायाधीश आहे आणि मी शेजारीण. चार प्रवेश, त्यातल्या दोनांत मी साखर मागायला येते.

५ फेब्रुवारी

रविवारच्या पुरवणीच्या संपादकाचा फोन. माझा दर आठवड्याचा लेख तोच छापतो, त्यामुळे त्याचा फोन टाळता येत नाही. आधी हळहळला, मग म्हणाला, "ताई, विचारायला वाईट वाटतं, पण मोठींवर एक लेख तयार ठेवाल का? तसंच काही झालं तर ऐनवेळी धावपळ होते. आमच्याकडे सगळ्या मोठ्या लोकांचे तयार असतात."

"माझाही?"

"तुम्हाला अजून खूप अवकाश आहे हो."

म्हणजे नाही. तू तेवढी मोठी नाहीस, हे त्याने साखरेत घोळून सांगितलं. मी त्याला चांगलं झापलं. जिवंत बाईवर मृत्युलेख मागतोस, लाज कशी वाटत नाही, वगैरे. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्या कुणाला सांगतो." आणि त्याने त्या बाईचं नाव घेतलं, जिने मोठीबरोबर एका समारंभात फोटो काढून घेतल्यापलीकडे काही केलेलं नाही.

त्या बाईने मोठीवर लिहायचं? मग मी जिवंत कशाला आहे?

६ फेब्रुवारी

आत जायला थोडा वेळ मिळाला. तोंडात नळी, डोळे मिटलेले. मी खुर्ची ओढून बसले. रडले. मग नुसतं बसवेना, म्हणून मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या. खोटं कशाला बोलू, लेख बघता बघता उतरला. तापाने फणफणलेली असताना तिने केलेला प्रयोग, माझं पहिलं पुस्तक स्वतःच्या पिशवीत घालून ती सगळ्यांच्या गळ्यात मारायची ते, मला रंगमंचावर शिंक आली तेव्हा तिने नवीन वाक्य घालून ती नाटकातलीच करून टाकली ते. इतकं चांगलं मी कित्येक वर्षांत लिहिलेलं नाही.

फक्त शेवट नव्हता. मशीन, नळ्या, मिटलेले डोळे, यावर लेख संपत नाही. अशी बाई जाताना काहीतरी बोलली पाहिजे. म्हणून मी लिहिलं: 'शेवटच्या भेटीत तिने मला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, धाकटे, ही भूमिका आता तू कर.'

बोलता आलं असतं तर असंच काहीतरी बोलली असती. मी तिला ओळखते.

लेख पाठवला. संपादकाने कळवलं, डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

९ फेब्रुवारी

मोठीने डोळे उघडले. नळी काढली. मुलीने रडत रडत फोन केला. जीव भांड्यात पडला, अगदी खरंखुरं. पण त्याच्या पाठोपाठ एक विचार आत डोकावून गेला: आता लेखाचं काय?

लिहूनच ठेवते. कुठेतरी लिहायलाच हवं. शी.

१३ फेब्रुवारी

मिशाळने ऑफिसात बोलावलं. मिशाळ म्हणजे आमचा निर्माता. मिशी कधीच काढली, नाव राहिलं. टेबलावर नाटकाची जाहिरात पसरून बसला होता.

"तू रोज जातेस तिच्याकडे. खरं सांग. थांबू, की दुसरी बाई बघू?"

मला म्हणायचं होतं, मला माहीत नाही, डॉक्टरांना विचार. ते म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "तिने मला सांगितलंय. धाकटे, ही भूमिका आता तू कर म्हणाली."

पाठ असलेलं वाक्य कसं येतं, विचारावं लागत नाही, तसं आलं. लेखात लिहिताना मी ते तिच्या आवाजात इतकं घोळवलं होतं की म्हणताना एका क्षणापुरतं मलाही खरं वाटलं. मिशाळने चष्मा काढून डोळे पुसले. "काय बाई आहे," म्हणाला. "मरणाच्या दारातसुद्धा नाटकाचा विचार." मग लगेच म्हणाला, "उद्यापासून ये तालमीला. शेजारीण कुणीही करेल."

मी ते वाक्य तिथल्या तिथे मागे घ्यायला हवं होतं. तो इतका गहिवरला होता की संधीच मिळाली नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो टोस्टला लोणी लावत होता. "कधी म्हणाली?"

"आयसीयूत."

"तिच्या तोंडात नळी होती ना?"

"नळी काढल्यावर."

"नळी काढल्यावर तिला बोलता येत नव्हतं. तूच सांगितलंस." आणि पुन्हा लोणी. शब्दकोडी सोडवून सोडवून हा माणूस असा झालाय.

२४ फेब्रुवारी

न्यायाधीश मला शोभते. मिशाळ म्हणाला म्हणून नव्हे, मला आतून कळतंय. इतकी वर्षं साखर मागून झाली, आता कुणीतरी माझ्याकडे मागायला येतंय.

मोठी घरी आली आहे. संध्याकाळी गेले होते. मुलीला मी सांगून ठेवलं आहे की तालमी थांबू नयेत म्हणून मी तिच्या जागेवर नुसती उभी राहते. मोठीचा उजवा हात अजून नीट उचलत नाही, बोलणं संथ झालंय, पण डोळे तेच. रबरी चेंडू दाबत तिसऱ्या अंकातलं भाषण म्हणत होती, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. एकही चुकला नाही. मीच अजून दोन जागी चुकते.

निघताना मुलगी फाटकापर्यंत आली. "मावशी, डॉक्टर म्हणाले असंच चाललं तर उन्हाळ्यात उभी राहील रंगमंचावर. मिशाळकाकांना सांगशील? तिचा सगळा जीव त्यात आहे. त्यासाठीच व्यायाम करते, नाहीतर औषधसुद्धा घेत नाही."

"सांगते की."

नाही सांगितलं. आज तो घाईत होता. उद्या सांगेन.

८ मार्च

उद्या उद्या करता सगळं अंगाशी आलं. मिशाळने पत्रकार परिषदेत कॅमेऱ्यांसमोर ते वाक्य सांगितलं, तिखटमीठ लावून. त्याच्या सांगण्यात मोठीने माझ्या डोक्यावरून हातही फिरवला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घातली. तेवढंच जमलं, आणि ते फोटोत फार छान आलं.

त्यावर कडी म्हणजे आजच्या पुरवणीत माझा तो लेख. मी संपादकाला फोन करून ओरडले. तो खुशीत होता. "ताई, एवढा सुंदर मजकूर वाया कशाला घालवायचा? देवाच्या दयेने त्या बऱ्या आहेत. किरकोळ बदल केले, झालं." मथळा: 'ही भूमिका आता तू कर.'

दिवसभर फोन. ज्या नट्या समारंभात मला ओलांडून पुढे जातात, त्यासुद्धा हुंदके देत होत्या. मोठीच्या घरून फोन आला नाही.

१० मार्च

आला. तिचाच. नंबर बघून मी आधी तो नुसता वाजू दिला.

"धाकटे," ती म्हणाली. मग बराच वेळ शब्द जुळवत राहिली. "मी असं म्हटलं?"

आता सांगायचं, बस, एवढं ठरवलं आणि तोंडातून गेलं, "हो."

"कधी?"

"आयसीयूत. तू ग्लानीत होतीस."

"मला आठवत नाही गं." आणि ती हसली. "पण चांगलं म्हटलं हो. त्या अवस्थेत सुचलं म्हणजे मी अगदीच वाईट बाई नाही. नाहीतर मी कुणाला भूमिका देणारी आहे का?"

मीही हसले. मग ती म्हणाली, "मला वाटत होतं, मला सगळं आठवतंय. तू खुर्ची ओढलीस, तिचा आवाज झाला. मोबाईलवर काहीतरी लिहीत होतीस. नर्स शिंकत होती. डोळे उघडत नव्हते, पण ऐकू येत होतं. एवढं एकच वाक्य कसं गेलं, कोण जाणे."

फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावलं, तिला आनंद झालाय. तिच्या तोंडी मी चांगलंच वाक्य घातलंय, वाईट तर नाही. नवरा समोर बसला होता. त्याने पेन्सिल खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा उचलली.

२९ मार्च

पहिला प्रयोग. लोक उभे राहिले. तिसऱ्या अंकात एकही जागा चुकली नाही. भाषण संपल्यावर जी शांतता पडली, तिच्यासाठी माणूस आयुष्यभर या धंद्यात राहतो.

मोठी पहिल्या रांगेत होती, काठी मांडीवर आडवी धरून. भाषणाच्या वेळी तिचे ओठ हलताना मला दिसत होते. एका जागी थांबले. त्यानंतर हलले नाहीत.

नंतर पत्रकारांनी तिला गराडा घातला. "तुम्ही स्वतःहून भूमिका सोडलीत?" तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या शेजारी, न्यायाधीशाच्या काळ्या कोटात. "मला ते आठवत नाही," ती सावकाश म्हणाली, "पण धाकटी सांगते म्हणजे म्हटलंच असणार. ती माझ्याशी खोटं बोलत नाही."

टाळ्या झाल्या. लोक मला केक भरवत होते आणि मी तो गिळत होते.

१२ एप्रिल

मोठीची मुलगी घरी आली. बसली नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. हात चालतो, बोलणं जवळपास पूर्वीसारखं झालंय. पण मोठी नाही म्हणते.

"भाषण म्हणणंच बंद केलंय, मावशी. मी विचारलं तर म्हणते, जी बाई आपण काय बोललो ते विसरते, तिने तीन अंकांचं नाटक अंगावर घेऊ नये. सारखी मला विचारते, काल मी काय बोलले, परवा कोण आलं होतं. सगळं बरोबर सांगते, तरी विश्वास बसत नाही तिचा. तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या. तर म्हणते, जे गेलंय ते मशीनला कसं दिसणार?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. नळ सोडून उभी राहिले.

बाहेर आले तर ती म्हणाली, "ते एक वाक्य तिच्या डोक्यात बसलंय. तू तिला सांग ना, की सगळ्यांना असं होतं. तुझं ऐकते ती."

म्हणजे बाईचा हात नाही गेला, वाचा नाही गेली. जे गेलं ते मी नेलं. आणि ती मुलगी मलाच सांगते, तू समजाव.

सांगायचं ठरलंय. पक्कं. शनिवारचा टीव्हीवरचा कार्यक्रम आधी ठरलेला आहे, तेवढा उरकला की जाते.

१८ एप्रिल

कार्यक्रमात सूत्रसंचालकाने तो किस्सा सांगायला सांगितला. मी म्हणणार होते, तो विषय नको. समोर तीनशे माणसं, दिवे, आणि सगळे आधीच हळवे होऊन बसलेले. मी सांगितला. नुसता सांगितला नाही, करून दाखवला. मोठीचा अडखळणारा आवाज, धाप, एका बाजूला ओढलेलं तोंड. सगळं सभागृह रडलं.

घरी आले तर नवरा टीव्ही बंद करत होता. म्हणाला, "वाकडं तोंड चांगलं जमलं."

चाळीस वर्षांच्या संसारात इतकं लागेल असं तो कधी बोलला नव्हता. मी भांडलेसुद्धा नाही. चेहऱ्यावरचा रंग पुसताना आरशात बघवेना, म्हणून पाठ करून पुसला.

२० एप्रिल

गेले. मोठी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, चेंडू दाबत. मुलगी कामावर. मोठीनेच चहा केला, डाव्या हाताने. मला करू दिला नाही.

मी सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला रडू फुटलं. "तू असं काही म्हटलंच नव्हतंस, मोठे, मी मनाने, मी..." पुढचं मला स्वतःलाच कळलं नसेल. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "उगी. माझी समजूत काढायला आलीस होय? मुलीने पाठवलं?"

"नाही गं, खरंच."

"छान करतेस. पण नको करू."

तिला ती समजूत वाटली. मी इतकं छान रडले की तिला ते नाटक वाटलं. मी पुन्हा म्हटलं, खरंच आहे. तिने चेंडू ठेवला. "मग रडणं काढ त्यातलं. आणि सांग."

मी डोळे पुसले. बातम्या वाचल्यासारखं सांगितलं. तुझ्या तोंडात नळी होती. तू एक अक्षर बोलली नाहीस. ते वाक्य मी लिहिलं. मग मिशाळला सांगितलं. मग तुला.

मोठी खिडकीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी थांबले होते. आला नाही. आधी तिचा श्वास सुटला, मग खांदे खाली आले, आणि ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

"म्हणजे मला सगळं आठवतंय."

"हो."

"म्हणजे मी ठीक आहे." ती रडायला लागली. आनंदाने. मी तिच्याकडे हात नेला, तिने तो बघितलाच नाही, स्वतःच्या बोटांनी डोळे पुसत राहिली. "रोज सकाळी उठले की आधी मुलीचं नाव म्हणून बघायचे गं. ते तरी राहिलंय ना."

मी तोंडात मारल्यासारखी बसले. मग तिने विचारलं, "मोबाईलवर काय लिहीत होतीस? मी तिथे पडलेली असताना."

सांगावं लागलं. तो लेख काय म्हणून लिहिला होता, तेही.

तिने चेंडू पुन्हा घेतला. दाबला, सोडला, दाबला. शेवटी म्हणाली, "चहा गार झाला असेल तुझा. टाकून दे." मी उठून टाकला. "आता मिशाळला फोन लाव."

मी लावला. मला वाटलं, संपलं. ती त्याला एवढंच म्हणाली, "मी तयार आहे. धाकटी भूमिका परत करते म्हणतेय." पलीकडून मिशाळ गहिवरल्याचं मला इथपर्यंत ऐकू आलं.

फोन ठेवून म्हणाली, "खरं सांगितलं तर नाटक बंद पडेल. तुझ्यासाठी नाही केलं." मग आतल्या खोलीत गेली. जरा वेळाने दाराआडून भाषणाचा आवाज यायला लागला. मी माझी पिशवी घेऊन निघाले.

३ जून

मोठीचा पहिला प्रयोग. मी पुन्हा शेजारीण. विंगेतून भाषण ऐकलं. माझ्या वेळी शांतता पडायची. तिच्या वेळी लोक श्वास घेत नाहीत. फरक मला कळतो, तेवढी नटी मी आहे.

सकाळच्या पेपरात माझाच फोटो. एवढी गाजलेली भूमिका हसत हसत परत केली म्हणून. संपादकाला माझा त्यावर लेख हवा होता. मी नाही म्हटलं. त्याला तो विनय वाटला आणि त्याने तेही छापलं. रस्त्यात एका बाईने थांबवून माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं." मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२१ जून

आज मोठीचा आठवा की नववा प्रयोग. मोठी माझ्याशी वाईट वागत नाही, हे लिहायला हवं. मेकअप रूममध्ये आल्यावर विचारते, बरी आहेस ना. माझी पिन सापडत नसली तर स्वतःची देते. पूर्वी आम्ही एका डब्यात जेवायचो, आता ती लवकर जेवून घेते, डॉक्टरांनी वेळा ठरवून दिल्या आहेत. प्रयोगानंतर मुलगी लगेच गाडी आणते. दमत असेल. आजारातून उठलेली बाई आहे.

प्रयोग संपला की सगळे नट ओळीने पुढे येतात. मधे ती आणि शेजारी मी, कारण लोकांना आम्हा दोघींना एकत्र बघायचं असतं. मिशाळनेच तसं बसवलंय. ती माझा हात हातात घेते, घट्ट, त्याच उजव्या हाताने, आणि तो हात वर करून लोकांना दाखवते. लोक वेडे होतात. पडदा खाली यायला लागतो तरी ती तसाच धरून असते. पडदा जमिनीला टेकला की सोडते.

आज पडद्याची दोरी अडकली. पडदा टेकायला जरा जास्त वेळ लागला. दोरी ओढणाऱ्याला सगळे शिव्या देत होते. मी नाही दिल्या.